इंदिरानगरचं रो-हाऊस: स्मार्ट होमच्या आधीची पायाभरणी

जिन्यातला दिवा बटण बंद केलं तरी झोपत नसे. धड चालू नाही, धड बंद नाही. दर तीन-चार सेकंदांनी एकदा लुकलुकायचा. काकूंनी त्याचं नाव 'मुंजा' ठेवलं होतं. रात्री पाण्याला उठलं की जिन्यात मुंजा दिसतो म्हणून त्यांनी त्या बाजूला बघणंच सोडलं होतं.

मला बोलावणं आलं ते या मुंजासाठी. २०२४ ची संक्रांत नुकतीच झाली होती. नाशिकच्या इंदिरानगरमधलं १९९८ चं रो-हाऊस, तळमजला अधिक एक, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. घरात तिघं: अण्णा, काकू आणि अण्णांची नव्वदी ओलांडलेली आई. मुलगा-सून पुण्याला, हिंजवडीत नोकरीला. दिवाळीत आला तेव्हा मुलानं ऑनलाइन चार स्मार्ट स्विच (मोबाइलवरून चालणारी बटणं) मागवले, व्हिडिओ बघून स्वतःच बसवले आणि सोमवारी पुण्याला निघून गेला. मुंजा त्याच्या मागे राहिला.

अण्णा अंबडच्या एका स्विचगिअर कारखान्यात टेस्टिंगला होते, तिथूनच निवृत्त झाले. मला म्हणाले, "अरे, आयुष्यभर ब्रेकर तपासले आणि घरच्या नऊ वॅटच्या बल्बनं माझी विकेट काढली."

मुंजाचं कारण सोपं होतं. मुलानं आणलेले स्विच 'विना न्यूट्रल' जातीचे होते, म्हणजे वीज परत नेणारी न्यूट्रल वायर बोर्डात नसली तरी चालणारे. स्मार्ट स्विचच्या पोटात रेडिओ असतो, त्याला चोवीस तास थोडी वीज लागते. बोर्डात न्यूट्रल नसेल तर तो ही वीज दिव्यातूनच ओढतो. जुन्या साठ वॅटच्या तारेच्या बल्बला एवढ्याशा करंटचं काही वाटत नाही. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र थेंबथेंब भरत राहतो, भरला की एक लखलखाट, की पुन्हा रिकामा. दिव्याला समांतर एक छोटा बायपास कपॅसिटर लावला की मुंजा उतरतो. दहा मिनिटांचं काम. मी तो लावलाही.

पण अण्णांनी बोर्ड उघडलेलाच राहू दिला आणि आत बोट दाखवून विचारलं, "हे असंच बंद करायचं?"

सनमायकाचा बोर्ड, पियानो बटणं, आत टेपनं गुंडाळलेले सहा जोड. एका जोडाची टेप वितळून काळी पडली होती. त्या दिवशी चहा घेता घेता कामाचं स्वरूपच बदललं. मुलाला घर स्मार्ट करायचं होतं, अण्णांना ते आधी सुरक्षित हवं होतं. काकूंना काय हवं होतं हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

दोन याद्या

मुलानं ई-मेलवर यादी पाठवली. एकतीस कलमं. रंग बदलणारे दिवे, मोटारवाले पडदे, बोटाच्या ठशाचं कुलूप, घरभर बोलून चालणारी बटणं, एसीचं वेळापत्रक, चार कॅमेरे.

काकूंना मी समोर बसवून विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. टाकी भरून वाहते, ते थांबव. रात्री आजी बाथरूमला जातात तेव्हा त्यांना बटण शोधावं लागू नये. आणि फाटकाची बेल वाजली की वरून खाली न येता कोण आहे ते कळावं, गुडघे साथ देत नाहीत.

मी काकूंची यादी वर ठेवली आणि मुलाची खाली. हे मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा नाराज झाला. मग म्हणाला, "दादा, पण पाइप तरी सगळ्याचे टाकून ठेवा." पुढचे अडीच महिने आम्ही याच वाक्यावर काम केलं. उपकरणं दर तीन-चार वर्षांनी बदलतात. भिंत पंचवीस वर्षांत एकदा फुटते. भिंत उघडी आहे तोवर तिच्यात काय घालून ठेवता येईल, एवढाच खरा प्रश्न असतो.

बोर्ड उघडल्यावर

घरात एकोणीस बोर्ड. आपल्याकडे एक बरं असतं, बहुतेक बोर्डांत एखादं पाच अँपिअरचं सॉकेट असतं, म्हणून न्यूट्रल आपोआप आलेला असतो. इथे अकरा बोर्डांत तो होता. जिन्याची दोन्ही टोकं, पलंगाशेजारचे, बाल्कनीचा आणि बाथरूमबाहेरचे अशा आठ बोर्डांत नव्हता. आजींसाठी दिवा नेमका बाथरूमबाहेरच हवा होता.

मेनला किटकॅट फ्यूज, एकात फ्यूज वायरऐवजी दीड एमएमच्या वायरीचा एक तुकडा. अण्णांनी तो काढून खिशात टाकला. कुणी घातला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वरच्या मजल्यावर हिरवी वायर बोर्डापर्यंत आली होती आणि तिथे कापून मागे खोचली होती. अर्थिंग म्हणून काहीच नव्हतं. खालच्या अर्थिंगचं रीडिंग ११ ओहम आलं; हे जितकं कमी तितकं चांगलं. स्वयंपाकघराच्या सर्किटला पाचशे व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला तर इन्सुलेशन एक मेगाओमच्याही खाली. त्या भिंतीत बाथरूमची ओल होती, त्यामुळे नवल वाटलं नाही. वरच्या मजल्याच्या वायरी मात्र मेगरवर ठणठणीत.

यावरून ठरवलं की खालचा मजला पूर्ण नव्यानं करायचा. ओलीमुळे तिथलं प्लास्टर काढायचंच होतं. वरचा मजला आहे तसा ठेवायचा, फक्त बोर्ड बदलायचे आणि जिथे न्यूट्रल नाही तिथे तो ओढायचा. कागदावर हा निर्णय शहाणपणाचा दिसत होता. तो अर्धा चुकला, पण ते पुढे.

अर्थिंग आधी घेतलं. अंगणात खड्डा घेतला तर चार फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. नाशिकला हे नेहमीचंच, दख्खनचा बेसाल्ट फार खोल नसतो. जुनी पद्धत म्हणजे प्लेट, कोळसा आणि मीठ. ती पावसाळ्यात छान रीडिंग देते आणि एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की चढते. आम्ही दगड फोडायचा ब्रेकर लावून तीन मीटरची रॉड उतरवली, भोवती अर्थिंगची पावडर भरली. रीडिंग अडीच ओहमवर आलं. नवीन डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य बोर्डात) सर्ज प्रोटेक्टर बसवला, वळवाच्या पावसातल्या विजांसाठी. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय निव्वळ शोभेचा असतो, म्हणून हा क्रम. स्मार्ट घरात प्रत्येक बटणामागे एक नाजूक सर्किट बसतं. पूर्वी वीज कोसळली की टीव्ही जायचा, आता एकोणीस बोर्ड जाऊ शकतात.

पाइप

खालच्या मजल्यावर कटर फिरला तसं घर धुळीनं पांढरं झालं. आजींना आठ दिवस वरच्या खोलीत हलवलं.

विजेच्या पाइपांपासून शक्यतो एक फूट सोडून वेगळे २५ मिलिमीटरचे पाइप नेटवर्कसाठी टाकले. जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात. कॅट-६ केबलची पेटी ३०५ मीटरची येते, तिच्यातली जवळपास दोनतृतीयांश लागली: फाटकापर्यंत एक, दोन्ही मजल्यांच्या छताला एकेक, टीव्हीमागे दोन, गच्चीच्या दारापाशी एक, पुढे-मागे कॅमेऱ्यांसाठी दोन. फाटकावरचा व्हिडिओ डोअर फोन आणि कॅमेरे याच केबलीतून वीजही घेतात, त्यामुळे तिथे वेगळं सॉकेट लागत नाही, आणि पावसात उघड्यावर २३० व्होल्ट ठेवावे लागत नाहीत.

पडद्यांच्या वर एकेक रिकामा बॉक्स, त्यात फक्त वीज आणून बंद केलेली. मुख्य दाराच्या चौकटीत एक रिकामा पाइप. गच्चीपासून मीटरपर्यंत एक जाड पाइप सोलरसाठी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि अण्णांचा विचार पक्का होत चालला होता. नंतर गच्चीवरून भिंतीवर पाइप लोंबलेला त्यांना चालला नसता. प्रत्येक रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकांना गाठ मारली. दोरी नसलेला पाइप दोन वर्षांनी कुणाला सापडत नाही, सापडला तर त्यातून काही जात नाही.

बोर्डांचे बॉक्स खोल घेतले. मॉड्यूलर बॉक्समध्ये बटणांच्या मागे स्मार्ट मॉड्यूल आणि चार-सहा वायरींचा गुंता एकत्र बसवायचा तर जागा लागते. उथळ बॉक्समध्ये वायरमन गुडघ्यानं प्लेट दाबून बसवतो, ते मी बघितलंय. तसल्या बोर्डात आठ महिन्यांनी स्क्रू ढिला होऊन चटके बसतात.

प्लास्टर चढवण्याआधी अण्णांनी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून. टेस्टिंगवाला माणूस. छापून घेऊन एका फायलीत लावले, प्रत्येक फोटोखाली पाइपात काय आहे ते शाईनं लिहिलं.

शुक्रवारी दुपारी उडालेला आरसीसीबी

पाचव्या आठवड्यात नवीन डीबी चालू केली. दोन मजल्यांना दोन वेगळे आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचे. वरचा चालू केला, टिकला. खालचा चालू केला, टिकला. अण्णांनी जिन्यातला दिवा लावला आणि दोन्ही एकदम उडाले.

आरसीसीबी जमाखर्च बघतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. तीस मिलीअँपिअरपर्यंत तूट दिसली की तो सर्किट तोडतो, कारण ती तूट कदाचित कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असते. इथे करंट कुणाच्या अंगातून जात नव्हता. पण कुठेतरी जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत पडत होता.

माझ्या वायरमननं लगेच उपाय सांगितला. "भाऊ, दोन्ही मजल्यांना मिळून एकच आरसीसीबी लावा. उडणारच नाही." खरंच उडला नसता. शुक्रवार होता, सोमवारी रंगारी येणार होता, आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. अण्णा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझ्याकडे वेळ आहे. शोधा."

शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे. मेन बंद. सगळे न्यूट्रल पट्टीवरून सोडवायचे, प्रत्येकाला चिठ्ठी लावायची, मग मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन-दोन न्यूट्रल तपासायचे. पट्टीवरून सुटलेले दोन न्यूट्रल तरीही एकमेकांशी बीप देत असतील, तर ते घरात कुठेतरी भेटलेले आहेत. दिव्यांतून, पंख्यांतून खोटी बीप येऊ नये म्हणून सगळी बटणं बंद ठेवावी लागतात. शनिवार संपेस्तोवर एकही बीप नाही. रविवारी सकाळी अण्णांच्या डोक्यात आलं की जिन्याचं बटण चालू ठेवायचं, दर वेळी एकच न्यूट्रल पट्टीवर लावून मग मेन चालू करायचा, आणि कुठल्या न्यूट्रलवर आरसीसीबी उडतो ते बघायचं. वरच्या खोलीच्या न्यूट्रलवर उडाला.

१९९८ च्या वायरमननं जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या बोर्डातून दिला होता आणि न्यूट्रल वरच्या खोलीच्या सर्किटमधून उचलला होता, कारण तो जवळ पडत होता. फ्यूजच्या जमान्यात याचा कुणाला पत्ता लागत नाही, दिवा सुखानं जळतो. नऊ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण चाळीस मिलीअँपिअर घेतो. तीसवर उडणाऱ्या आरसीसीबीला तेवढे पुरेसे असतात, आणि तूट दोन्ही वह्यांत दिसते म्हणून दोन्ही उडाले. म्हणजे जिन्याच्या दिव्याचं दुखणं दुहेरी होतं: जिन्याच्या बोर्डांत न्यूट्रल नाही, आणि दिव्यापाशी जो आहे तो उसना.

त्याच शोधात इन्व्हर्टरही सापडला. त्याला मेन स्विचवरून थेट फेज दिलेला, आरसीसीबीला वळसा घालून, आणि त्यावर चालणाऱ्या वरच्या पंख्याचा न्यूट्रल मात्र घरातल्या सामाईक न्यूट्रलला जोडलेला. पंखा चालू केला असता तर पुन्हा तेच. इन्व्हर्टरच्या लाइनला स्वतंत्र न्यूट्रल ओढला.

वरचा मजला 'आहे तसा' ठेवायचा निर्णय इथे मोडला. मेगरनं सांगितलं होतं की वायरींचं इन्सुलेशन चांगलं आहे. कुठली वायर कुठे जोडली आहे, हे मेगर सांगत नाही. ते मी आधीच तपासायला हवं होतं. वरच्या सगळ्या वायरी जुन्याच पाइपांतून नव्यानं ओढल्या, जुनी वायर दोरीसारखी वापरून, पावडर लावून. जिन्याचा स्लॅबमधला पाइप चोंदलेला निघाला. दोन तास ओढूनही वायर हलेना. शेवटी पायऱ्यांच्या कडेनं स्कर्टिंगच्या वर पट्टी मारली. दिसते. काकूंनी त्यावर रंग लावून घेतला, तरी दिसते.

रंगारी सोमवारऐवजी पुढच्या सोमवारी आला.

पाण्याची टाकी

मुलाच्या यादीत हे कलम नव्हतंच, आणि घरात सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट हीच.

गंगापूर धरणाचं पाणी पालिकेच्या नळाला ठरावीक वेळी येतं, जमिनीखालच्या हौदात पडतं, तिथून एक एचपीची मोटार ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. मोटार लावून काकू देवपूजेला बसायच्या आणि टाकी वाहायला लागली की शेजारच्या वहिनी भिंतीवरून हाक मारायच्या. वीस वर्षं हीच अलार्म सिस्टीम होती.

हौदात एक आणि टाकीत दोन फ्लोट बसवले: टाकी रिकामी होत आली की मोटार चालू, भरली की बंद, हौदात पाणी नसेल तर काही झालं तरी चालू होऊ नये. धातूच्या उघड्या काड्यांचे सेन्सर स्वस्त मिळतात, पण त्यांच्यावर क्षार बसून महिन्या-दोन महिन्यांत ते खोटं बोलू लागतात. मोटार थेट स्मार्ट प्लगवर लावायची नाही. सुरू होताना ती चालण्याच्या करंटच्या पाच-सहा पट करंट खेचते, छोट्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग ॲप म्हणतं मोटार बंद आहे आणि वहिनी म्हणतात चालू आहे. मध्ये कॉन्टॅक्टर घातला. रिले फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देतो, भार कॉन्टॅक्टर उचलतो. शेजारी एक साधा फिरवायचा स्विच: आपोआप, बंद, हातानं. सगळी इलेक्ट्रॉनिक्स मेली तरी काकू मोटार लावू शकतात.

याला इंटरनेट लागत नाही. मोबाइलवर पाण्याची पातळी दिसते ती नुसती चैन.

रेडिओ, डबा आणि अमेरिकेची भेट

राउटर मुलाला हॉलमध्ये टीव्हीखाली हवा होता. मी तो जिन्याखालच्या कपाटात नेला, घराचा मध्य तिथे येतो. कपाटाच्या दाराला जाळी ठेवायला सांगितली, मे महिन्यात बंद कपाटात राउटर भाजून निघतो. दोन्ही मजल्यांच्या छताला केबलीनं जोडलेले, वायफाय पसरवणारे ॲक्सेस पॉइंट. बहुतेक स्मार्ट मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण नऊ इंची भिंत आणि स्लॅब ओलांडताना दमतो. बोर्डाचे बॉक्स पत्र्याचे असल्यानं रेडिओला मागे वाट नसते, लहर पुढच्या प्लास्टिकच्या प्लेटमधून बाहेर पडते. म्हणून पुढून धातूच्या चकचकीत प्लेटा नकोत, असं सुनेला सांगावं लागलं. तिला त्याच आवडल्या होत्या.

मॉड्यूल निवडताना मॅटर हे सामाईक मानक सांभाळणारे घेतले. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. माझं कारण व्यवहारी आहे: एखाद्या कंपनीनं ॲप गुंडाळलं तर बटणं दुसऱ्या ॲपला जोडता यावीत. दोन वर्षांत बंद पडलेली ॲपं मी बघितलीत, आणि लोकांनी भिंतीतून काढून फेकलेली मॉड्यूलंही.

मुलाच्या मित्रानं अमेरिकेहून झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीचे सहा स्विच आणले होते, नवेकोरे. त्यांचा रेडिओ ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. आपल्याकडे त्या कामासाठी मोकळी पट्टी ८६५ ते ८६८. वरून ते १२० व्होल्टचे, आणि आपल्या बॉक्सात बसतही नाहीत. मित्राला वाईट वाटू नये म्हणून अण्णांनी ते फडताळात जपून ठेवलेत.

भिंतीतल्या बटणांमागे मॉड्यूल घातले, स्मार्ट बल्ब घेतले नाहीत. स्मार्ट बल्बला कायम वीज हवी. आजींनी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब मेला, मग त्याला हाका मारत बसा. मॉड्यूल घातलेलं बटण पूर्वीसारखंच दाबता येतं. पंख्यांच्या बाबतीत उलटं करावं लागलं. अण्णांनी बीएलडीसी पंखे घेतले होते. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, हे तीसच्या आसपास. बीएलडीसी पंखा रेग्युलेटरवर किंवा वेग बदलणाऱ्या स्मार्ट मॉड्यूलवर लावला की त्याच्या आतलं सर्किट जाऊ शकतं. त्याला साधं बटण आणि त्याचाच रिमोट. गीझर छोट्या मॉड्यूलवर नाही, कारण २ किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याला चार एमएमची वेगळी लाइन, सोळा अँपिअरचा स्वतंत्र स्विच.

कुलूप नको असं मी सांगितलं. त्यांचं मुख्य दार पावसाळ्यात फुगतं, जुलैत खांद्यानं ढकलून लावावं लागतं. मोटारवाल्या लॅचला तेवढा जोर नसतो. चौकटीतला पाइप रिकामा आहे. दार बदललं की बघू.

इंटरनेट बंद ठेवलेला शनिवार

पाडव्याच्या आधी काम संपलं. त्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता. हाती सोपवण्याआधी मी एक दिवस ब्रॉडबँडची वायर काढून ठेवतो आणि घरच्यांना नेहमीसारखं राहायला सांगतो. ज्या गोष्टी अडल्या त्या वहीत लिहायच्या. इथे दोन अडल्या. फाटकाची बेल मोबाइलवर वाजेना (आतला पडदा मात्र चालला, त्यामुळे काकूंचं काही अडलं नाही), आणि स्पीकर मुका झाला. स्पीकरबद्दल कुणाला दुःख झालं नाही. इंटरनेट असतानाही तो देवघर हा शब्द ओळखत नव्हता. काकू मराठीत सांगायच्या, तो हिंदीत भलतंच उत्तर द्यायचा. शेवटी ॲपमध्ये देवघराचं नाव 'मंदिर' ठेवलं. "माझ्याच घरात मी हिंदी बोलायचं का?" असं काकूंनी एकदा विचारलं आणि मग त्या बटणच दाबू लागल्या.

हा एक दिवस कुणी करत नाही. करावा.

आजींच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत स्कर्टिंगपासून फूटभर उंचीवर तीन मंद दिवे आणि पायाच्या पातळीवर हालचाल ओळखणारे सेन्सर आहेत. एप्रिलभर झकास चालले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आजींची तक्रार आली की दिवा उशिरा लागतो. हे सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक बघतात. उकाड्यात रात्री दहालाही भिंती तापलेल्या, फरक उरतच नाही. मला हे पुस्तकात माहीत होतं, घरात सुचलं नव्हतं. खोलीच्या दाराला चुंबकाचा छोटा सेन्सर लावला. दार उघडलं की दिवा, ऋतू कुठलाही असो.

त्याच महिन्यात वळवाच्या पावसात रात्री वीज गेली आणि पहाटे तीनला आली. आली तशी घरातले सगळे दिवे एकदम पेटले. आजी उठून बसल्या, त्यांना वाटलं दिवाळीची पहाट. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवता येतं: चालू, बंद किंवा मागची स्थिती. कारखान्यातून ते 'चालू'वर आले होते. सतरा मॉड्यूल मी एकेक करून 'मागची स्थिती'वर आणले, मोटारीचा रिले 'बंद'वर. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस दिला.

हिशोब

अण्णांच्या वहीप्रमाणे एकूण खर्चातल्या शंभर रुपयांपैकी साधारण साठ फोडकाम, पाइप, वायरी, प्लास्टर आणि रंगात गेले. पंचवीस डीबी, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर आणि बोर्डांत. ज्याला लोक स्मार्ट होम म्हणतात त्या मॉड्यूल, सेन्सर, ॲक्सेस पॉइंट, डोअर फोन यांत पंधरा. मुलाच्या एकतीस कलमांपैकी अकरा झाली, नऊंसाठी पाइप आणि वीज तयार आहे, बाकीची त्यानं स्वतःच खोडली.

फायलीचा पहिला उपयोग ऑगस्टमध्ये झाला. पाण्याचा प्युरिफायर टांगायला माणूस आला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ड्रिल लावणार तेवढ्यात काकूंनी त्याला थांबवून फोटो आणला. त्यानं ठरवलेल्या जागेमागूनच गीझरची चार एमएमची लाइन जात होती. प्युरिफायर सहा इंच डावीकडे गेला, जरा तिरका दिसतो.

पडद्यांच्या मोटारी अजून आलेल्या नाहीत. सोलरचा अर्ज अण्णांनी भरला. गच्चीवरून मीटरपर्यंतच्या पाइपात सध्या नायलॉनची दोरीच आहे.